सहा इंचांचा आरसा

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
बुधवार, २६ मार्च १९९७

प्रिय सौ. उर्मिला हिस,

सुभाषचा नमस्कार. नवऱ्याने बायकोला आशीर्वाद लिहायचे असतात, हे मला ठाऊक आहे. पण या खेपेला नमस्कारच बरा. आईंचा डोळा कसा आहे? पट्टी सुटली का? त्यांना म्हणावं, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलंय म्हणजे खरंच वाकायचं नाही. तू तिथे आहेस म्हणून मला काळजी नाही.

इकडे सगळं ठीक. पाणी पावणेसहाला येतं आणि डोळे चोळेपर्यंत जातं, पण पिंप भरतंय. डाळ दोनदा करपली. तुळस जिवंत आहे. काल फोनवर तू दुर्बिणीचं विचारलंस तेव्हा मी ‘ठीक आहे, बाकी पत्रात लिहितो’ म्हटलं. तुमचा फोन हॉलमध्ये, दादा, वहिनी, आई सगळे तिथेच बसलेले, तिथे आणखी काय बोलणार? म्हणून हे पत्र. दुर्बीण जागेवरच आहे. तिच्यात थोडा बदल केलाय, एवढंच.

काल सकाळी मोरवा गावची शेवंती बोंबील घेऊन आली. दार मी उघडलं, तर तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, “दुर्बीनवाली ताई न्हाय का? कवा येनार हाय? शेपटीचा तारा दाखवनार व्हती ना आमाला!” मी म्हटलं, अगं, मीही घरातच असतो. तर म्हणते, “तुमी ताईंचे मिस्टर ना? ठावं हाय.” बोंबील घेतले नाहीत. रागाने घेतले नाहीत, खोटं कशाला सांगू.

हसू नकोस. या बेव्हर्ली पार्कात मला आता नावच उरलेलं नाही. वाणी विचारतो, भाभीजी का टेलिस्कोप कैसा है. शेजारच्या जयंतीभाईंची मुलं जिन्यात मला थांबवून विचारतात, आंटी कधी येणार. अठ्ठावीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी. मिलिमीटरचा शंभरावा भाग माझ्या बोटांना कळतो. कंपनीत साहेब लोक नवीन पोरांना माझ्याकडे पाठवतात, ‘सुभाषकडे बघा, हात कसा चालतो ते’ म्हणून. आणि घरी मी कोण, तर ताईंचे मिस्टर.

ग्रहणानंतर आकाशनिरीक्षण मंडळाने दुर्बिणीचे आरसे घासायचं शिबिर घेतलं, त्यात नाव मी घातलं होतं, आठवतंय ना? तू नुसती सोबत आली होतीस. सहा इंचांच्या दोन काचा घेतल्या, एक तुला, एक मला. घासायला तीच कार्बोरंडमची पावडर, चकाकी आणायला तेच डांबर, काच ठेवलेल्या पिंपाभोवती घासत त्याच प्रदक्षिणा. तू भाजी चिरून यायचीस, हात धुवायचीस, आणि गुणगुणत काच घासायचीस. मी किती हात फिरले ते वहीत मांडायचो. शेवटी मंडळाच्या उत्तमने ब्लेड आणि बल्ब लावून दोन्ही आरसे तपासले. माझ्या आरशाची कड ढळलेली, आकार बिघडलेला. तुझा त्याने पुन्हा एकदा तपासला आणि म्हणाला, “उर्मिलाताई, असा आरसा मी मंडळात आजवर पाहिला नाही.” मी तेव्हा टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्याने वाजवल्या. घरी येताना माझा आरसा रिक्षातून बाहेर फेकून द्यावा असं वाटत होतं.

हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आरशाला नळी मी केली, तिवई मी केली, पत्रा मी वाकवला, रंग मी दिला. लोक बघायला आले की नळीला हात लावून बघतात का? नाही. सरळ डोळा लावतात आणि ‘वा उर्मिलाताई’.

तर आता बदलाचं सांगतो.

येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी, पाच तारखेला, चेणे गावात मंडळाचा कार्यक्रम. तुझी दुर्बीण मधोमध लावणार आणि सगळं गाव रांगेने धूमकेतू बघणार. माझ्या मनात आलं, आपण तिला कॅमेरा जोडावा. फोटो निघाला की त्याखाली निदान एक नाव माझं पडेल. कॅमेरा लावून बघितला तर चित्र काही केल्या स्पष्ट होईना. आरसा नळीत दोन इंच पुढे घ्यायला हवा होता. दोन इंच म्हणजे काय, माझ्या हातचं काम. तीन नवी भोकं पाडायची, आरशाची बैठक पुढे सरकवायची, स्क्रू पिळायचे.

परवा धुळवडीची सुट्टी होती. खाली पोरं रंगात लोळतायत आणि मी हॉलमध्ये नळी टेबलावर आडवी बांधून ड्रिल मशीन चालवतोय. जयंतीभाई खिडकीतून ओरडले, “अरे सुभाषभाई, आज तो मशीन बंद करो, होली छे!” मी लक्ष दिलं नाही.

आता तू विचारशील, आधी आरसा बाहेर काढला होता ना?

नाही काढला.

तू नळीच्या आत चिठ्ठी चिकटवली आहेस, ‘काहीही करण्याआधी आरसा काढणे’. वाचली मी. पण आरसा काढला की परत बसवून जुळवायचा असतो, आणि ते मला येत नाही. दर आठवड्याला तू आरशामागचे ते तीन स्क्रू इकडे-तिकडे करत बसतेस, मी शेजारी पेपर वाचत असतो, आणि दहा महिन्यांत तुला एकदाही विचारलं नाही, काय करतेस म्हणून. तुझ्याकडून शिकायचं? मी? मला वाटलं, व्हर्नियर लावून खुणा करीन, बैठक रेषेत पुढे घेईन, जुळणी हलणारच नाही. भोकं सुरेख पडली. स्क्रू बसले. नळी उभी केली आणि आतला सगळा ॲल्युमिनियमचा कीस सरसरत खाली गेला, थेट आरशावर.

कारखान्यात कामावर कीस पडला की काय करतात? कॉटन वेस्ट घ्यायचं आणि पुसायचं. अठ्ठावीस वर्षं दिवसातून पन्नासदा केलंय. हात आत पुरत नव्हता, म्हणून पडद्याची सळई काढली, तिला कॉटन वेस्ट गुंडाळलं आणि फिरवलं. आरशाला कोरडं बोटही लावायचं नसतं हे शिबिरात पहिल्या दिवशी सांगितलं होतं. माझ्याच वहीत लिहिलेलं आहे, लाल शाईने. हात चालला त्याच्या सवयीने. मग टॉर्च मारला. आरशावर गोल गोल ओरखडे उठले होते.

इथवरचं तू समजून घेशील. चूक झाली, सवयीने झाली, म्हणशील. पत्र इथेच संपवावं म्हणून मी मघाशी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आलो. पण मग तू आयुष्यभर मला माफ करत बसशील आणि तेही मला सहन होणार नाही.

उर्मिला, ओरखडे बघितल्यावर मला बरं वाटलं. वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. आणि मी सळई पुन्हा आत घातली आणि दुसऱ्यांदा पुसलं. त्या वेळी आरशावर कीस उरलेला नव्हता.

जळतो मी तुझ्यावर. परक्या बाईवर, परक्या पुरुषावर जळणारे लोक असतात. मी माझ्याच बायकोच्या हातांवर जळतो, जे हात मला रोज जेवायला वाढतात. लिहितानाही लाज वाटतेय, पण खरं तेच.

आणखी एक आहे. काल संध्याकाळी उत्तम चेण्याचं ठरवायला आला. दुर्बिणीत डोकावला, म्हणाला, “हे काय झालं?” माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, आरशात मुळातच दोष होता. वरचा चकाकीचा थर नीट बसलाच नव्हता. तिने कुणाला सांगितलं नाही.” तो चहा अर्धा ठेवून गेला. उद्या त्याच्याकडे जाऊन खरं सांगावं असं म्हणतोय. म्हणतोय म्हणजे अजून गेलेलो नाही.

पुढच्या शुक्रवारी, चार तारखेला, तू तिथून निघायच्या आत हे तुला कळायला हवं होतं. स्टेशनवर न्यायला येऊ की नको, ते कळव. आईंना नमस्कार सांग, बाकी त्यांना काही सांगू नकोस.

तुझा,
सुभाष


कराड
सोमवार, ३१ मार्च १९९७

तुमचं पत्र आज दुपारी आलं. आमच्याकडे आलेलं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवतात, हे तुम्ही पंचवीस वर्षांत विसरलात. दादाने पाकीट फोडलं आणि सुरुवात केली. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येईपर्यंत तो “नाही काढला” पर्यंत पोचला होता. पुढचं मी हिसकावून घेतलं आणि न्हाणीघरात जाऊन वाचलं. आई बाहेरून विचारत होती, “मग काय झालं गं आरशाचं?” तिला अजून सांगितलेलं नाही.

उत्तमचा फोन गेल्या शुक्रवारीच आला होता. म्हणाला, “ताई, तुमच्या आरशात दोष होता असं सुभाषराव म्हणतात. मी स्वतः तपासलाय, असं होऊच शकत नाही. काय प्रकार आहे?” मी म्हटलं, मला माहीत नाही. तीन दिवस तुमच्या पत्राची वाट बघत होते. त्यात काय लिहिलेलं असेल, यावर बरंच काही अवलंबून होतं. पत्र आलं नसतं किंवा अर्ध्यावर संपलं असतं, तर येत्या शुक्रवारची रात्रीची गाडी मी पकडली नसती. आता पकडणार आहे.

आरशाचं म्हणाल तर ओरखड्यांनी तो मेला नाही. वरचा चकाकीचा थर गेलाय, काचेचा आकार शाबूत असणार. धूमकेतू थोडा मळकट दिसेल, पण दिसेल. पावसाळ्यात थर नवा चढवून आणू. तो खर्च आणि ती खटपट तुमची. जुळणी मात्र बिघडली असणारच, आरसा पुढे घेतला की ती बिघडते. चेण्याला उजेड असतानाच मी तीन स्क्रू फिरवून दाखवीन. पेपर आणू नका.

तुम्ही जळता हे मला माहीत होतं. टाळ्या वाजवताना तुमचं तोंड मी बघितलं होतं. मंडळाने मला शिबिरात शिकवायला दोनदा बोलावलं, तुम्हाला सांगितलं नाही. दोन्ही वेळा ‘घरी जमणार नाही’ म्हणून कळवलं. घरी काय जमणार नव्हतं? तुमचं ते तोंड. माझे हात तुम्हाला खुपतात म्हणून मी ते पदराखाली घेऊन बसले, आणि तरीही तुम्ही दुसऱ्यांदा पुसलंतच. मग लपवून मला काय मिळालं? आज उत्तमला फोन करून सांगितलं, मेच्या शिबिराला मी येते. तुमच्याबद्दल त्याला काही बोलले नाही. ते तुम्ही सांगायचं आहे, शनिवारी, सगळ्यांसमोर, माझ्या देखत.

स्टेशनवर येऊ नका, मी उतरून थेट चेण्याला जाईन. शनिवारी दुर्बीण घेऊन परस्पर चेण्याला या. माझ्या दुर्बिणीला तुम्ही आजवर एकदाही डोळा लावलेला नाही. लोक आले की तुम्ही बाजूला जाऊन तिवईचे नटबोल्ट तपासत बसता. या वेळी शेवंतीच्या मागे रांगेत उभे राहा. तुमचा नंबर आला की मी सगळ्यांना म्हणते तेच तुम्हालाही म्हणेन, “या, बघा.” तुम्ही बघायचं, आणि काय दिसलं ते मला खरं सांगायचं.

दुसऱ्यांदा पुसलंत त्याची माफी मी या पत्रात लिहीत नाही. तशी इच्छा होण्याची वाट बघतेय.

उर्मिला