बाबांचा स्वल्पविराम

६ मार्च,
दुकानातून

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी, पिल्लं मजेत ना? आम्ही इकडे ठीक आहोत. फोनवर तू "कामात आहे गं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की दुकानाचं अ‍ॅप मी नव्याने लिहिलं. पहिलं आपण दोघांनी बाबांच्या याच टेबलावर, घड्याळं बाजूला सारून केलं होतं, आठवतं? वाक्यात जागा सोडायची आणि आकडा आपोआप तिथे येऊन बसतो, याचं तुला केवढं कौतुक! आणि उमटलं काय, तर "१,९७४ पासून घड्याळदुरुस्ती". ते वर्ष आहे हे अ‍ॅपच्या आतल्या तयार सांगाड्याला, त्या फ्रेमवर्कला, कुठे कळतंय? दिसला आकडा की टाक स्वल्पविराम! बाबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पडद्यावर फुंकर मारली. कचरा वाटला त्यांना. तू हसता हसता स्टुलावरून पडलास.

आकड्याचा आधी मजकूर केला की स्वल्पविराम जातो, एका ओळीचं काम. पण बाबाच म्हणाले, "राहू दे रे. तुम्ही दोघं एका टेबलावर बसला होतात, त्याची खूण आहे ती." मग रोज दुकान उघडलं की आधी त्याला फुंकर. गिऱ्हाइकंसुद्धा हसायची. किती छान दिवस होते रे ते!

पुढे तू म्हणालास दुकान विका, माझ्याकडे चला. ते नाही म्हणाले. दोघंही एकाच मातीचे, कोण नमणार? जाऊ दे.

तर नव्या अ‍ॅपमध्ये मी शहाणपणा करून वर्ष नीट केलं. सकाळी बाबा फुंकर मारायला वाकले आणि तसेच थांबले. "गेला का गं तो? की मलाच दिसेना?"

दादा, वर "ठीक आहोत" लिहिलंय ते खोटं आहे. त्यांचे डोळे चाललेत. भिंगातूनही काटे दिसत नाहीत. पडद्यावरचे मोठे आकडे तेवढे दिसतात, तेही किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. तुला कळवायचं नाही, असं मला बजावलंय.

स्वल्पविराम मला परत टाकता येईल, पण मी टाकणार नाही. "थोरला येऊन टाकेल," असं सांगून बसलेय. तेव्हापासून ते दाराजवळची खुर्ची सोडत नाहीत. तुझं स्टूल मी पुसून ठेवलंय.

त्यांना दिसतंय तोवर ये.

तुझीच,
कटकट