आमची गल्ली पुन्हा अविकसित ठरवण्याबाबत

प्रति,
मा. विकास मापन अधिकारी,
विकास मापन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : क्रशरमागची गल्ली पुन्हा अविकसित ठरवून नर्सबाईंची फेरी सुरू करण्याबाबत.

संदर्भ : गल्ली 'विकसित' झाल्याबद्दल आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

सविनय कळवितो की, मी सदर गल्लीत शिंपीकाम करतो. भिंतीपलीकडच्या खोलीत माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी, म्हणजे माझ्या वहिनी, एकट्या राहतात. खडी क्रशरच्या धुळीने त्यांची छाती कामातून गेली आहे. दर आठवड्याला नर्सबाई येऊन त्यांना तपासत व औषध देत. गल्लीचे दरडोई उत्पन्न वाढल्यामुळे ही मोफत सेवा बंद केल्याचे आपण कळविले आहे.

१. उत्पन्न वाढले हे मान्य. क्रशरच्या मालकांनी कोपऱ्यावर बंगला बांधला, तो आमच्याच गल्लीत धरला गेला. शिवाय रंगारी गेला, सुतार गेला, सुताराची आई गेली. सगळे छातीनेच गेले. गरीब माणूस कमी झाला की उरलेल्यांची सरासरी वाढते. या हिशेबाने आम्ही दोघे आटोपलो की गल्ली देशात पहिली यायला हरकत नाही.

२. आपले पत्र मी वहिनींना वाचून दाखवले. त्या खोकता खोकता हसल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, साहेबांना विचारा, मालकाच्या कमाईत माझा वाटा धरलात, मग माझ्या खोकल्यात त्याचा वाटा का नाही धरला?" प्रश्न मला जरा उद्धट वाटला, पण तो आपल्याच खात्याचा आहे. म्हणून आपल्याकडे पाठवीत आहे.

३. गल्लीची एक जुनी रीत आहे. सकाळी उठल्यावर शेजारच्या भिंतीवर दोन ठोके द्यायचे. पलीकडून दोन ठोके आले की माणूस आहे असे समजायचे. मग त्याने पुढची भिंत वाजवायची. आमचे मोजमाप एवढेच. आता माझ्यापुढे फक्त वहिनी उरल्या. तरी त्या रंगाऱ्याच्या रिकाम्या खोलीकडची भिंत रोज वाजवतात, आणि तिकडून उत्तर येते म्हणतात. मी त्यांना वेड्यात काढले.

४. इथवर अर्ज काल लिहिला होता. आज सकाळी भिंत वाजवली, उत्तर आले नाही. जाऊन पाहिले, तर वहिनी रंगाऱ्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या. अंग गार पडले होते. महोदय, मला फार राग आला आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. हे सरकारी भाषेत कसे लिहितात ते मला ठाऊक नाही. गल्लीची सरासरी आज पुन्हा वाढली असेल, तशी नोंद व्हावी.

सबब, नर्सबाईंबाबतची मागणी मी मागे घेतो. वहिनींना पोचवून आल्यावर त्यांच्या खोलीला कुलूप मीच लावले. किल्ली माझ्या खिशात आहे. अर्ज पुरा करायला बसलो, आणि वहिनींकडच्या भिंतीवर दोन ठोके आले. ते अजून येत आहेत. आपल्या कार्यालयातून कोणीतरी येऊन त्यांना उत्तर द्यावे, एवढीच आता विनंती आहे. माझा हात उठत नाही.

आपल्या दप्तरी विकसित असलेला,
आपला नम्र,
शिंपी, क्रशरमागची गल्ली

दिनांक : वहिनी गेल्या तोच.

सोबत : अभिनंदनाचे पत्र, परत.