झाकणाच्या आतली हळद

उधना, सुरत
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय आबा,

पाया पडते. हे पत्र एकट्याने वाचा आणि गोपालकाकांच्या हाती लागू देऊ नका. त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही.

इथे सगळं आहे तसंच आहे. तुमच्या विणकामाच्या खात्यात मालकाने नवे लूम बसवले, पण खडखडाट तोच. शेजारची सुंदरामावशी रोज माझ्यापुरती भाकरी टाकते आणि तुमच्या नावाने बोटं मोडते, की पोरीला एकटी ठेवून म्हातारा गावी जाऊन बसला. मी तुमची बाजू घेते. कान गेल्यावर माणसाने लूमवर किती दिवस उभं राहायचं?

प्रयोगशाळेतलं माझं काम तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गावभर लेकीचं कौतुक सांगता, ‘मन्ही आंडेर धूरमाईन रॉकेल काढस.’ ऐकून मला लाज वाटते, पण धुरातून रॉकेल काढते हे अगदीच चूक नाही. सुताची चमक मारून ते डल करायला जी पांढरी पूड घालतात, तीच मी पाण्यात टाकते, काचेच्या भांड्यात बंद करते, धुरात असतो तो कार्बन वायू आत सोडते आणि वरून कडक उजेड पाडते. पूड स्वतः खर्च होत नाही, ती नुसती उजेडाला कामाला लावते. वायू आणि पाणी मिळून जळण व्हावं, हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांतून वर जातं ते पुन्हा चुलीत यावं, एवढंच माझं वेड. दोन वर्षं त्या भांड्यातून काही म्हणजे काही निघालं नाही.

मग दसऱ्याला तुम्ही आलात. सगळा जन्म लूम पुजलात, आता लूम सुटला, तर लेकीचं यंत्र पुजायचं म्हणालात. सगळे बघत होते, मला अवघडल्यासारखं झालं आणि अभिमानही वाटला. ‘यंत्रले बी जीव ऱ्हास’ म्हणत, खरंच जीव असल्यासारखे तुम्ही त्याला झेंडू वाहिलात, नारळ फोडलात. दुसऱ्या दिवशी मी फुलं काढली, काच बाहेरून पुसली, पूड घातली. आणि आबा, त्या आठवड्यात पहिल्यांदा जळण निघालं! थेंबभरसुद्धा नाही, वायू तपासणाऱ्या यंत्राच्या कागदावर उमटलेली नुसती एक उंच रेघ, पण मी रडले. माझ्या मार्गदर्शक सरांनी पेढे वाटले, शोधनिबंध लिहून छापायला पाठवला. तुम्ही पारोळ्याच्या स्थळाला थांबा म्हणून कळवलंत, कारण यश आलं तर पोरगी शिकेल आणि नाही आलं तर आखाजीच्या सणानंतर लग्न, असा शब्द तुम्ही भावकीत दिला होता.

गेल्या महिन्यात मी खात्रीसाठी एकदा कार्बन वायू न सोडताच उजेड पाडला. काही निघायलाच नको होतं. रेघ तशीच उमटली!  पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे जळण वायूतून होतच नव्हतं, आत दुसरंच काहीतरी कुजत होतं. भांडं सुटं केलं, झाकणाची रबरी कडी काढली, तर खाली हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा आणि त्यावर कुंकू. करंगळीशेजारच्या बोटाचा, आणि पेर अर्धं. लूमच्या चाकात अर्धं गेलेलं तुमचं ते पेर मी नाही ओळखणार तर कोण? यंत्राला हळद वरवर लावत नाहीत, पोटात लावतात, हे तुम्हीच मला लहानपणी धोटा दाखवून सांगितलं होतं. मी बाहेरूनच पुसत राहिले. उजेडात ती हळद आणि तिच्यातलं तेल तुटून त्याचंच जळण निघत होतं, आणि आम्ही त्यालाच यश म्हणत होतो.

आबा, स्वतःला दोष लावून घेतलात तर तुम्हाला माझी शपथ आहे. माझ्यासाठी एवढ्या मनापासून कुणी काही केलेलं नाही. झाकण धुतलं, नवी पूड घातली, आता भांड्यातून पुन्हा काहीच निघत नाही. रात्र रात्र डोळा लागत नाही. सर म्हणाले, निबंध गेला आहे, कोण विचारतंय, गप्प राहा, दोन वर्षं शिष्यवृत्ती वाढवून देतो. मी चार दिवस गप्प राहिले. 

काल मी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हळदीचं सांगितलं तेव्हा लोक हसले, तुम्हाला हसले, ते मला फार लागलं. निबंध परत मागवला. माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर बंद होईल. म्हणजे तुमच्या शब्दाप्रमाणे यश आलं नाही, आणि पारोळ्याचे लोक येत्या रविवारी उत्तर घ्यायला येणार, असं वत्सलाआत्याने कळवलंय. म्हणून हे पत्र. मी दुपारी कारखान्यात साड्यांच्या घड्या करीन, सुंदरामावशीकडे जेवीन, पण उजेड आणि ती पूड मला सोडवत नाही. भावकीत तुमची मान खाली जाईल, मला कळतं. माझ्याकडे तुम्हाला द्यायला ना यश आहे, ना कारण. तरीही हात जोडून मागते, आबा, रविवारी ‘हो’ म्हणू नका.

तुमचीच,
योगिता