रोज येणारी हिरवी खूण

मंगळवार, दिवेलागण

दोन मिनिटांत उरकणाऱ्या बॅकअपची खरी किंमत आज कळली: बेसा भागातल्या गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो. सकाळी नेटवर्कवरचं स्टोरेज कायमचं बसलं, आणि बॅकअपात लग्नाचा फोल्डरच नाही. रोज मोबाइलवर हिरवी खूण येत होती की! गुरुजींना मीच छाती ठोकून सांगितलं होतं, "स्टुडिओ जळला तरी तुमचे फोटो जळणार नाहीत."

बॅकअप बसवला सचिनने. त्याला कॅमेरा धरायला शिकवलं मी. म्हणाला, "भाऊ, लवकर व्हावं म्हणून बॅकअप जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, पाहून तेवढ्याच फायली घेते. अन् जर्नल फक्त सर्व्हरवरून झालेले बदल टिपते. एडिटिंगवाले आपल्या मशीनवरून थेट स्टोरेजमध्ये फोटो टाकून राहिले, ते त्याले दिसतच नाही."

मग हिरवी खूण कशाची? "जर्नलमध्ये होतं तेवढं झालं, त्याची."

चूक मी पोटात घातली असती. पण नंतर पार्टिशनपलीकडे तो मित्राला फोनवर म्हणाला, "मले पहिलेपासून माहीत होतं गा. भाऊले लवकर होणारा बॅकअप पायजे होता, कोण तोंड उघडंल?" माझे कान तिखट आहेत, हे विसरला.

माहीत होतं! मग बोलला काहून नाही? मी काय खाल्लं असतं त्याला?

उद्या गुरुजींकडे जायचं आहे. बॅकअपात या सीझनची एकच फाइल सुखरूप आहे, आमचं रेटकार्ड. तेवढं मी सर्व्हरवर बसून टाइप केलं होतं.