परवान्याचं दुकान

१० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर माझा हात आता बसला आहे. गोळ्या देताना मी चिठ्ठी तीनतीनदा वाचते, म्हणून रांगेतले लोक मला 'परीक्षावाल्या बाई' म्हणतात. म्हणू देत. चुकीची गोळी गेली तर झोप माझीच उडणार.

पत्राचं कारण वेगळं आहे. परवान्याच्या दुकानात गांजा विकायला मोकळीक द्यावी का, यावर महिनाअखेरीस नगरभवनात जाहीर सुनावणी आहे. दवाखान्यातर्फे मी बोलावं असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. आपल्या घरात शिकलेली मी पहिली, आणि एकदम माईकपुढे उभी राहणार, याची धास्ती वाटते. मी विरोधातच बोलणार. दारूने आणि तंबाखूने घरं पोखरली ती काय कमी आहेत, की तिसरा उंदीर आपण हाताने सोडावा?

उदाहरण म्हणून धाकट्याचं सांगेन, माझा भाऊ म्हणून नाही, कुणा एकाचं म्हणून. त्याच्या मित्राला पोलिसांनी गांजासकट धरलं तेव्हापासून तो घर सोडून गेलाय, आणि आई शेजारी सांगते की कामाला गेला. जाताना बाबांचा रंधाही नेला. सुतारकीत जन्म घालवलेल्या माणसाची तेवढी एकच वस्तू उरली होती. विकून फुंकला असेल. भाषणाचं शेवटचं वाक्य असं लिहिलंय, की असा माणूस सुधारत नसतो. जास्त कडक झालंय का?

शिंपीकाका तुला पत्र वाचून दाखवतील तेव्हा एवढा भाग हळू वाचायला सांग. बाहेर ऐकू जायला नको.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी भाची


२० जानेवारी

चि. भाचीस,
पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिंपीकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून वाचायला-लिहायला नवा माणूस धरलाय. मी बोलते तसंच तो लिहितो, फक्त शिव्या गाळतो.

आपल्या घरात तोंडाळ बायका पुष्कळ झाल्या, पण माईक मिळालेली तूच पहिली. तर आता माझं ऐक. सिगारेट-तंबाखू विकता विकता माझे केस पांढरे झाले. परवाना डोक्यावर खिळ्याला टांगलाय. पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, तर गिऱ्हाईक म्हणतं की हे नको, फुप्फुसवालं द्या. दुकान टाकलं तेव्हा समोरच्या गॅरेजात एकदोघंच ओढायचे, आता न ओढणारा शोधावा लागतो. दुकान उघडं असलं की सवय आपल्या पायांनी चालत येते, हे तू खुशाल सांग. माझं पोट त्यावर आहे, तरी सांग.

पण तुझे आतोबा दारूने गेले, आणि ती तर परवान्याचीच होती. रस्त्यात पडले की हवालदार त्यांना खांद्याला धरून घरी आणायचा आणि वर म्हणायचा, की वहिनी, सांभाळा यांना. डॉक्टरकडे नेलं तेव्हाही कुणी दार लावून घेतलं नाही. सुधारले नाहीत ते स्वतःच्या हट्टाने. खिशात पुडी असलेल्या पोराला असं घरी कोण आणून सोडणार? ते तुमच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत जातं आणि वर्दी दिसली की माघारी फिरतं. मला कसं माहीत ते विचारू नकोस.

बाकी दुकानात आत-बाहेर करायला उचलायची फळी फुगून अडकते. मी आत कोंडली जाते आणि गिऱ्हाईकं दात काढतात. तुझं पत्र वाचताना लिहिणारा एका ओळीशी थांबला, पाणी प्यायला म्हणून उठला आणि बऱ्याच वेळाने आला. ते वाक्य कडक झालंय, बाळा.

जिवाला जप, जेवत जा.
तुझी आत्या

ता. क. हे आत्याने सांगितलेलं नाही. रंधा विकलेला नाही. माझ्याजवळ आहे. पात्याला गंज चढू दिलेला नाही.


१ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि मी जिन्यातच पत्र फोडलं. ते अक्षर मीच वळवलेलं. तू तिथे आहेस हे आत्याने लपवलं, ते तू शपथ घातलीस म्हणूनच असणार, तेव्हा तिला बोल नाही. माझं ते वाक्य तुला स्वतःच्या तोंडाने वाचावं लागलं, आणि वर मी ते हळू वाचायला सांगितलं होतं. परक्यांची चिठ्ठी तीनदा वाचणारी मी, तुला काहीच न विचारता निकाल लिहून मोकळी झाले. लगेच उत्तर लिहायला बसले, पण आधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारायची होती.

सुनावणी झाली. लिहून नेलेला कागद मी खाली ठेवला. नवं दुकान उघडू नका असंच मी सांगितलं, आणि तंबाखू विकणाऱ्या माझ्या आत्याचंही तेच मत आहे म्हटल्यावर सभा हसली. मग म्हटलं, की दारू जास्त वाईट की गांजा, याचा निवाडा मला करता येत नाही. पण दारूवाला माणूस आमच्या दाराशी येतो आणि गांजावाला येत नाही, हे मी रोज बघते. त्याला अडवतं ते भय. विकणाऱ्याला रोखा, पण ओढणाऱ्याला तुरुंग दाखवू नका, दार दाखवा. आणि हे मी कुणा एकाबद्दल बोलत नाही, माझ्या सख्ख्या भावाबद्दल बोलते आहे. एवढं बोलून खाली बसले. आईही ऐकायला आली होती, बाहेर पडताना शेजारणीने तिला तुझं विचारलं. आईने पहिल्यांदाच कामाचं कारण सांगितलं नाही. आजारी आहे म्हणाली, बरा होईल म्हणाली.

सरकारचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. डॉक्टर म्हणतात की आमच्याकडे स्वतःहून आलेल्याचं नाव पोलिसांकडे जात नाही. मी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा ते वैतागले. आणि फाटकावरची ती वर्दी पोलिसाची नाही रे, आमच्या पहारेकऱ्याची आहे. त्याच्या गुडघेदुखीच्या गोळ्या मीच देते.

ये. माझ्यावर रागावलेला असशील तर रागावूनच ये.
तुझी ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

शुक्रवारी येतो. आत्या दुकान बंद ठेवून सोबत येणार आहे. तेवढाच एक दिवस गॅरेजवाल्यांना चांगली हवा, असं तिचं म्हणणं.

रंधा मी विकायलाच नेला होता, खोटं कशाला लिहू. बाजारापर्यंत गेलो. पण त्याच्या मुठीवर बाबांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, त्यात माझा अंगठा नेमका बसला. तिथून मागे फिरलो तो आत्याकडेच आलो. अजून झोप लागत नाही, आणि हात रिकामे राहिले की मन तिकडेच धावतं. म्हणून काल तो रंधा काढला आणि आत्याच्या दुकानाची फळी तासायला घेतली.

आईला सांग, शेजारणीला दिलेलं उत्तर मला आवडलं.

आत्या शेजारी बसून आहे. ती म्हणाली की लिही, पोरगा सुधारतोय. मी म्हटलं की स्वतःबद्दल असं मी कसं लिहू, आणि तेही तुला. तर ती म्हणाली की मग एवढंच लिही, फळी आता अडकत नाही.

ताई, फळी आता अडकत नाही.

खिडकीवर भेटू. माझी चिठ्ठी तीनदा वाच.
तुझा धाकटा