दर्शनी काचेतला फोटो

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, धंदा फोटोग्राफर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दबावाखाली लिहितो आहे का, तर हो, मनाच्या. तो कायद्याला चालतो, असं वकील म्हणाले.

१. दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेतल्या ठेवी थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्म्यानिम्म्या मिळाव्यात. थोरल्यानं "तिला कुठं संसार आहे?" असं म्हणू नये. म्हणाला, तर ते वाक्य त्याचं नाही. तो माझ्याकडून शिकला.

२. मोठा कॅमेरा आणि दिवे थोरल्याला. त्याला फोटो काढता येत नाहीत, पण तो वस्तू नीट ठेवतो. गच्चीचं दार अडकतं. खांदा लावून ढकलावं, लाथ मारू नये.

३. फोटोवरचे डाग भरायचा बारीक ब्रश आणि शाईच्या बाटल्या कोणालाही देऊ नयेत. टाकून द्याव्यात.

कारण लिहितो. धाकटीला आठव्या वर्षी गालावर कोड उठलं, मग हातांवर. तिला ते दुखत नव्हतं, लोकांना मात्र खुपायला लागलं. मी घरातल्या प्रत्येक फोटोतले ते पांढरे डाग ब्रशनं भरले. तिच्या पाचवीच्या वर्गाचा फोटोही मीच काढला होता. बेचाळीस मुलींत एकच चेहरा रंगवला. फोटो वाटल्यावर पोरी ओरडल्या, "बाई, ही नवीन मुलगी कोण?" घरी आल्यावर मी विचारलं, "आवडला का गं?" ती म्हणाली, "छान आलीय ती."

४. सराफाच्या बाईंना माझ्या अंत्यदर्शनाला येऊ देऊ नये, असं लिहिणार होतो. नातवाचा फोटो काढायला आल्या आणि धाकटीला म्हणाल्या, "बाळाला हात लावू नकोस हं, त्याला होईल." कोड असं लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी पोरीलाच म्हणालो, "आत जा." बाई एकदाच बोलल्या. मी तिला डार्करूममध्ये फोटो धुवायला ठेवलं ती अकरा वर्षं. तिथल्या लाल दिव्यात कातडीचे दोन रंग दिसत नाहीत. वर तिला सांगायचो, "तुझा हात अंधारातच चांगला चालतो." बाईंना येऊ द्यावं.

५. मग तिची अंघोळ सुटली, जेवण सुटलं, बोलणं सुटलं. एका सकाळी तिनं सगळे अल्बम जमिनीवर मांडले आणि विचारलं, "बाबा, यात मी कुठाय?" त्यानंतर सव्वादोन महिने ती मनाच्या दवाखान्यात होती. मी लोकांना सांगितलं, मावशीकडे गेलीय. झाकायची सवय होतीच.

ती परत आल्यावर वाचनालयाच्या बाईंनी तिला कामावर घेतलं आणि थेट दाराजवळच्या टेबलावर बसवलं. मी विचारलं, "मागं कपाटांकडे नाही का जागा?" बाई म्हणाल्या, "मागं उंदीर आहेत. त्यांना आम्ही पुस्तकं देत नाही." धाकटी आता अर्ध्या बाह्यांचे कपडे घालते आणि पुस्तक उशिरा आणणाऱ्याला झापते. गोळ्या चालू आहेत. वाईट दिवस अजून येतात. या बाईंचे आभार मी कधी मानले नाहीत, ते इथं मानतो.

६. रंगवले ते छापलेले फोटो. निगेटिव्हना मी हात लावला नव्हता. लोखंडी कपाटात तिच्या तीनशे अकरा निगेटिव्ह आहेत, त्यांत ती आहे तशी आहे. त्या तिच्या. छापाव्यात की जाळाव्यात, तिची मर्जी.

७. दुकानाच्या दर्शनी काचेत तिचा सोळाव्या वर्षीचा, मी रंगवलेला फोटो आहे. माझ्या मृत्यूनंतर थोरल्यानं तो काढावा आणि खरा छापून लावावा.

कलम सात रद्द. बाजूला माझी सही आहे. काल इथवर लिहिलेलं धाकटीला वाचून दाखवलं. निगेटिव्ह घेते म्हणाली. सातव्याला तिनं मला थांबवलं.

"म्हणजे लोकांनी विचारलं तर उत्तर दादानं द्यायचं? तुम्ही सुटलात."

"मग तुला कसं हवं?"

"मला काचेत बसायचंच नाही, बाबा. खरीही नको, खोटीही नको. काढा तो. पण तुम्ही काढा, दुकान उघडं असताना. आणि का काढला ते सांगा."

"शेवटी माफीचंही एक कलम घालणार आहे."

"ते नका घालू. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

आज सकाळी दहा वाजता काचेतला फोटो काढून घेतला. समोरचा चष्मेवाला रस्ता ओलांडून आला. "काय हो, पोरीचा फोटो का उतरवला?" मी सांगितलं. तोवर आणखी तिघं जमली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, "अहो, ती रोज समोरून जाते. आम्हाला काय दिसत नाही होय?"

८. वाचनालय चारला उघडतं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की मी तिथं, तिच्या टेबलापाशी, माफी मागायला जाणार आहे. तिनं नाही म्हटलं, तरी वरच्या कोणत्याही कलमात फरक होणार नाही.

सही: फोटोग्राफर
साक्षीदार पहिला: समोरचा चष्मेवाला
साक्षीदार दुसरे: घरचे डॉक्टर
ठिकाण: दुकान, रिकाम्या दर्शनी काचेजवळ
दिनांक अकरा मार्च, दुपारी साडेतीन