आत्याबाईंनी नवं सोडलं

३० एप्रिल, अक्षय तृतीया
वारलेल्या सासऱ्यांच्या नावाची घागर भरली. पाणी धाकट्या दिरांनी, गजाननभावजींनी सोडलं. पुरण, कुरडई, आमरस. आत्याबाईंनी रसाची वाटी यंदाही सरकवून दिली. मागच्या वर्षीच्या जवारीची भाकर, वरण, आणि उठल्या.

आमचे हे हळद घेऊन वसमतच्या मार्केटला गेले, ते असेच आखाजीच्या तोंडावर. हळद विकली, पैसे टेम्पोवाल्याबरोबर घरी पाठवले, स्वतः आले नाहीत. त्याला आता तीन वर्षं. पोलिसात तक्रार आहे, फोटो दिलेला आहे, बाकी काही नाही. तेव्हापासून या माउलीनं नवं सोडलं. ज्या हंगामात जे नवीन येईल ते तोंडात घालायचं नाही. "माझ्या लेकानं खाल्लं का न्हाई कुणाला ठावं. मी कशी खाऊ?"

रांधणारी मी आहे. सासूला तोंडावर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते की मला राग येतो.

२२ जून
बांधावर तांदुळजा आलाय, कुंजर, चिगळ. अंगणवाडीतून येताना ओटीभर खुडून आणलं. लसूण ठेचून परतलं.

डॉक्टर परवाच म्हणाले, म्हातारीच्या अंगात रक्त नाही, पालेभाज्या द्या. मी अं.वाडीत गरोदर बायांना रोज हेच सांगत असते. त्या ऐकतात तरी.

"तुमी खा. मला हाय ते बराबर हाय."

बराबर कसलं. दंडावर चोळी ठरत नाही.

९ जुलै
शेवटी भांडले. म्हटलं, नवं जुनं कधी होतं ते तरी एकदा सांगून टाका. मला वाटलं चिडतील. चांगला विचार केला आणि म्हणाल्या, "उन्हात वाळलं, डब्यात गेलं, वरून दिवाळी गेली, की जुनं."

चला. कायदा तरी ठरला.

३० ऑगस्ट
उघडीप. पत्र्यावर जुनी साडी अंथरून गवार, अंबाडीचा पाला, कारल्याच्या चकत्या. भर भादव्यात वाळवण घालते म्हणून गल्लीतल्या बाया हसतात. दु. पुन्हा सरी आल्या, पळापळ. अर्ध्या गवारीला बुरशी, फेकली. उद्या परत.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
खीर, कढी, वडे, भोपळा, गवार. भावजी पानं घेऊन पत्र्यावर चढले. खालून बघितलं तर हातात दोन पानं.

"दुसरं कोणाचं, भावजी?"

भावजींनी दोन्ही पानं मांडली. मग म्हणाले, "वहिनी, लोक इचारून राहिलेत. किती दिवस अधांतरी ठेवायचं?"

मी शिडी चढले. दुसरं पान खाली आणलं, ओट्यावर मांडी घातली आणि खाल्लं. सगळं, खिरीसकट. पितराचं पान असं कोणी खात नाही, मला माहीत आहे. जाऊबाई तोंडावर पदर धरून आत गेल्या. भावजींचे डोळे भरले, मलाही वाईट वाटलं, त्यांचा तो थोरला भाऊ आहे. पण ते पान तिथे राहू देणं मला शक्य नव्हतं.

आत्याबाई खाटेवरून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "कढीला मीठ बराबर व्हतं का?"

व्हतं, म्हटलं.

२५ ऑक्टोबर
दिवाळी गेली. डबा उघडला. वाळली अंबाडी, तूरडाळ, मागच्या जवारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी.

"कवाचं हाय?"

"दिवाळीच्या आधीचं."

हुंगलं. खाल्लं. परत मागितलं. मी भांडं आणायच्या निमित्तानं आत गेले आणि रडून घेतलं.

४ डिसेंबर
मेथी, हरभऱ्याचा पाला, तुरीच्या शेंगा, सगळं एकदम आलंय. आणि आमच्या ताटात भादव्यातली गवार. मी नवं आणते ते थेट पत्र्यावर. पण ते आता पुढच्या दिवाळीलाच जुनं होणार. पुढची दिवाळी म्हणजे केवढं लांब. जुने डबे तळाला आलेत.

१४ जानेवारी, संक्रांत
काल भोगीची भाजी केली. वांगी, गाजर, पावटे, ओला हरभरा, तीळ. सगळंच नवं, म्हणून आत्याबाईंनी चटणी-भाकर खाल्ली.

आज वाण द्यायला बाया आल्या. नाही आल्या असं म्हणता येणार नाही. हळदी-कुंकू लावताना माझ्या डोळ्यांत कोणी बघितलं नाही, एवढंच.

दु. रानात गेले. भावजींनी हुरडा भाजला होता. कोवळा, गोड, बरोबर तिळाची चटणी. एकटी बसून खाल्ला. घरी सांगितलं नाही. हे कुठे असतील तिथे यांना कोणी मूठभर हुरडा दिला असेल का, हे मात्र मनात आलंच. म्हातारीला नावं ठेवते आणि माझंही तेच चाललंय.

६ मार्च
गावभर हळद शिजवायचं चालू आहे. कढईची वाफ घरात येते.

आत्याबाई सकाळी अंगणात पडल्या. हाड मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, वाळल्या पाल्यावर किती दिवस काढणार, ताजं पोटात जायला पाहिजे, नाहीतर यांचं काही खरं नाही. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या.

मी दवाखान्याबाहेर येऊन जीपची वाट बघत उभी राहिले. मला या बाई हव्या आहेत. आत्याबाईंशिवाय त्या घरात यांची वाट बघणारं माझ्यासोबत कोण आहे?

१२ एप्रिल
भावजी आखाजीची घागर आणायला कुंभाराकडे निघाले होते. आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं.

"त्याला सांग, दोन घागरी आण."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हटलं, "काहून? तुमीच तर तीन-चार वर्सं..."

"मी हाय तवर हून जाऊ दे. माझ्या माघारी तुला कुणी सांगणार न्हाई, तू अशीच पत्र्यावर पालं वाळवीत बसशीन. थोरल्याची घागर भरली की मीबी खाईन. दोगी मिळून आंबा खाऊ."

वर्षभर मी हेच मागत होते, की खा. आता खाते म्हणतात, ते यांची घागर भरून. त्यांनी जगावं. यांनीही कुठेतरी जिवंत असावं. दोन्ही कसं व्हायचं?

१९ एप्रिल, अक्षय तृतीया
पुरण झालं. रस झाला. सासऱ्यांची घागर भरून भावजींनी पाणी सोडलं. दुसरीला हात लावला नाही. "ते तुमी ठरवा, वहिनी," म्हणाले आणि रानात गेले.

ज्याची घागर त्याचं नाव घ्यायचं आणि पाणी ओतायचं, एवढंच असतं. कळशी घेऊन बसले. आत्याबाई समोर पाटावर, पुढ्यात रसाची वाटी.

नाव घ्यायला गेले आणि जीभच वळेना. लग्नात उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, आमच्यात बायका घेत नाहीत. आज घ्यायचं, ते असं?

कळशी तशीच ठेवून आत आले. वही उघडून हे लिहितेय.

आत्याबाई बाहेरून म्हणतात, "सुनंदा, घाई न्हाई. मी बसले हाय."

वाटीतला रस काळा पडायला लागलाय. त्यांनी अजून हात लावलेला नाही.